रशियन लोकभरतकाम: लाल दोऱ्याच्या एका रेषेपासून सुरुवात

रशियन भरतकाम शोधायला बसलं की इंटरनेटवर आधी समोर येतात ते फुलीच्या टाक्याचे तयार संच. लाल-काळे गुलाब, कोंबडे, साराफान (बिनबाह्यांचा लांब झगा) घातलेल्या मुली. असा एखादा संच आणून पुरा करता येतो, भिंतीवर लावला तर छानही दिसतो. पण त्यातून तिथल्या बायकांचं जुनं काम हाताला लागत नाही. रशियन खेड्यांत फुलीचा टाका सगळीकडे पसरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, छापील नमुन्यांच्या पाठोपाठ. आंरी ब्रोकार नावाच्या फ्रेंच माणसाने १८६४ मध्ये मॉस्कोत साबणाचा कारखाना काढला. त्याच्या स्वस्त साबणाबरोबर भरतकामाचे नमुने फुकट मिळत. जाहिरातीची याहून हुशार कल्पना सापडणं कठीण. साबण संपला, कागद राहिला, आणि शहरी गुलाब व द्राक्षवेल दूरदूरच्या गावांतल्या टॉवेलांवर जाऊन बसले.

त्याआधीचं काम वेगळं होतं. जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचं घरीच विणलेलं पांढरं कापड, लाल दोरा, आणि कापडाचे धागे मोजत घातलेले टाके. छाप नाही, खडूची रेघ नाही. अर्खांगेल्स्क, वोलोग्दा, ओलोनेत्स, नोव्हगोरोद, त्वेर या उत्तरेकडच्या भागांत तर असे टॉवेल सापडतात की सुलट कुठली आणि उलट कुठली ते हातात घेऊन निरखावं लागतं. टांगलेल्या किंवा हातांवर धरलेल्या कापडाच्या दोन्ही बाजू लोकांना दिसतात, मग मागे गाठी आणि लोंबते दोरे चालतील कसे?

म्हणून नवशिक्यांना माझं सांगणं एवढंच: संच बाजूला ठेवा, आणि दुहेरी धावदोऱ्याची एक रेषा दोन्ही बाजूंनी सारखी घालायला शिका. रशियनमध्ये या टाक्याला ‘रोस्पिस’ म्हणतात. उत्तरेकडचे घोडे, मोरण्या, झाडं, हात वर केलेल्या बायका, या सगळ्यांची बाह्यरेषा याच टाक्याची असते. आकृतीच्या आत भरायला जे टाके वापरतात त्यातला ‘नाबोर’ हाही आपण या लेखात घेणार आहोत. बाकीच्या प्रकारांची फक्त ओळख करून देते, म्हणजे पुढे काय शिकायचं ते ठरवता येईल.

कुठल्या गावचं भरतकाम?

‘रशियन भरतकाम’ हा फार मोठा शब्द आहे. व्लादिमीरजवळच्या म्स्त्योरा गावचं पांढऱ्यावर पांढरं, बारीक भरीव काम आणि त्याच भागातलं ‘वेर्खोशोव’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेर्खोशोवमध्ये मोठमोठी लाल फुलं असतात, दोरा जवळजवळ सगळा वरच राहतो आणि मागे फक्त बारीक ठिपके दिसतात. नोव्हगोरोद भागातल्या क्रेस्त्सीला कापडातले धागे काढून जाळी करतात आणि त्या जाळीवर पांढऱ्या दोऱ्याने नक्षी उभी करतात. तोर्झोक हे जरीकामाचं गाव. तिथे सोनेरी तार कापडावर आडवी ठेवून बारीक टाक्यांनी वरून पकडतात. जरदोजी पाहिलेल्या माणसाला ते काम लगेच ओळखीचं वाटेल. ओर्योल भागात साखळी टाक्याने बाह्यरेषा काढून आत लाल-निळ्या मोजीव नक्ष्या भरतात, त्याला ‘स्पिस’ म्हणतात. वोरोनेझच्या बाह्यांवर काळ्या दोऱ्याची भूमिती दिसते. दक्षिणेकडे जावं तसे रंग वाढतात, उत्तरेकडे लाल-पांढरा कडक राहतो.

पहिल्यांदाच शिकणाऱ्याने यातली खिचडी करू नये. एकाच टॉवेलवर म्स्त्योराची फुलं आणि ओलोनेत्सचा घोडा घातलेले आधुनिक नमुने विकायला असतात. ते कुठल्याच गावचे नसतात.

उत्तरेकडच्या कामाची शिफारस मी दोन कारणांनी करते. एक म्हणजे साहित्य जवळपास काहीच लागत नाही. दुसरं कारण महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खास आहे: इरकली लुगड्यावरचा कर्नाटकी कशिदा तुम्ही पाहिला असेल, कदाचित घरी केलाही असेल. त्यातला ‘गावंती’ म्हणजेच दुहेरी धावदोरा, ‘मुर्गी’ म्हणजे तोच टाका पायऱ्यांनी चढवलेला, आणि ‘नेगी’ म्हणजे विणल्यासारखी भरण. टाका म्हणून पाहिलं तर रोस्पिस हा गावंतीच आहे आणि नाबोर ही नेगी. यावरून धारवाड आणि अर्खांगेल्स्कचं नातं जोडायची काही गरज नाही. धागे मोजून काम करणारे हात कुठेही असोत, दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर वाट हीच. तुमच्या घरात कशिदा येणारी आजी किंवा मावशी असेल तर पुढच्या निम्म्या सूचना तिच्याकडूनच शिका.

कशावर भरायचं

जुन्या कामात वस्तू आणि नक्षी वेगळ्या काढता येत नाहीत. सर्वांत मानाची वस्तू टॉवेल: अरुंद, लांब, दोन्ही टोकांना भरलेला. मुलगी लहानपणापासून स्वतःच्या लग्नासाठी असे टॉवेल जमवायची आणि लग्नात ते वराकडच्या माणसांना वाटले जायचे. वराच्या मुख्य सोबत्याच्या खांद्यावरून टॉवेल बांधायचे. पाहुण्याला पाव आणि मीठ द्यायचं ते टॉवेलवर ठेवून. घरातल्या देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात मूर्तिचित्रांवर टॉवेल टांगायचे. साथ किंवा अवर्षण आलं तर गावातल्या बायका एकत्र बसून सूत कातण्यापासून विणण्यापर्यंत सगळं करून एका दिवसात नवसाचं कापड पुरं करत.

दुसरी वस्तू सदरा. बाईच्या लांब सदऱ्याचा वरचा भाग तलम कापडाचा आणि खालचा जाडाभरडा असायचा, कारण वर साराफान आलं की खालचं काही दिसत नाही. याला अपवाद गवत कापणीच्या सदऱ्याचा. कापणीच्या पहिल्या दिवशी बायका नुसत्या सदऱ्यावर, कंबरपट्टा बांधून शेतात जात. त्या सदऱ्याची खालची कड वीतभर उंच भरलेली असे. कुरणात मान मोडून काम करायचं आणि अंगावर सर्वांत भारी भरतकाम! मला हा तपशील फार आवडतो.

तिसरी वस्तू पलंगाखाली लोंबणारी झालर. तिच्यावर रुंद पट्टा मिळायचा, म्हणून वाडे, सिंह, जहाजं, मिरवणुका अशी मोठी दृश्यं बहुतेक झालरींवर सापडतात.

तुम्ही मात्र सुरुवातीला नमुनापट्टीच करा. २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब. टॉवेल नंतर.

साहित्य

कापड असं हवं की आडवे आणि उभे धागे सारखे मोजता येतील. खरं लिनन महाग पडतं, आणि सरावाला ते लागतही नाही. शाळेत शिवणाच्या तासाला वापरायचो ते दोसुती किंवा मॅटीचं कापड उत्तम. आयडा कापड मिळालं तर १४ काउंटचं घ्या, म्हणजे एका इंचात १४ घरं. मॅटी घेताना दुकानातच पट्टी लावून उभी आणि आडवी घरं मोजा. दोन्हींत फरक असेल तर तुमची चौकट एका बाजूला चेपलेली दिसेल. हात बसल्यावर २८ काउंटच्या लिननवर दोन-दोन धागे घेऊन काम करा. टाक्याचा आकार तोच राहतो, पण कापडाचा पोत पार बदलतो.

दोरा सहा पदरी सुती, बाजारात आठ मीटरच्या लडीत मिळतो तोच. रंग एकच, गडद लाल. पिवळसर लाल किंवा गुलाबीकडे झुकणारा नको. जुना लाल रंग मंजिष्ठेच्याच वंशातल्या झुडपाच्या मुळांपासून निघायचा, पुढे कारखान्यातला रंगीत सुती दोरा आला. गरम पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यात लडीचं टोक दाबून ठेवा. फडक्यावर लाल उतरला तर ती लड या कामाला घेऊ नका. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई कापडाचा धागा फाडून जाते आणि मोजणी बिघडवते. एक छोटी गोल रिंग, छोटी कात्री, फिक्या रंगाचा शिवणदोरा आणि चौकटीचा कागद. झालं.

पायरी १: कापड आखून घ्या

कापड आधी धुवा, कारण सुती आणि लिनन दोन्ही आटतात. इस्त्री करा. कडा सुटू नयेत म्हणून तिरके टाके घाला. कापड दुमडून मधली उभी आणि आडवी रेघ शोधा आणि फिक्या दोऱ्याने त्यावर कच्चे टाके घाला, दर दहा घरांनी एक. हे मोजायचे मैलाचे दगड. पेन्सिल वापरू नका. लाल दोऱ्याखालून शिसं कधी जात नाही.

पायरी २: सरळ रेषा

सुमारे ५० सेंटिमीटर दोरा कापा. सहापैकी दोन पदर एक-एक करून वेगळे ओढा आणि पुन्हा जुळवा, एकदम ओढले की गुंता होतो. टोकाला गाठ मारायची नाही. सुरुवातीला ८–१० सेंटिमीटर दोरा तसाच लोंबता सोडा आणि तिथे अंगठा ठेवा.

आता साधा धावदोरा: एक घर वरून, एक घर खालून, एक वरून, एक खालून. वीस घरं जा. पट्टीवर तुटक रेघ दिसेल. इथे वळा आणि त्याच वाटेने परत या, पण आता जिथे वर रिकामं आहे तिथे वरून टाका घ्या आणि जिथे वर टाका आहे तिथे खालून. सुरुवातीच्या जागी पोचलात की सुलटीकडे अखंड रेघ असेल आणि उलटीकडेही तशीच.

जवळजवळ सगळ्यांचीच पहिली रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते. त्याचं कारण परतीच्या वाटेवर आहे. एकाच भोकात दोन टाके भेटतात तेव्हा सुई कुठे आधीच्या टाक्याच्या वरून निघते, कुठे खालून. नियम करून टाका: परतताना सुई वर काढायची ती आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने आणि खाली घालायची ती पुढच्या टाक्याच्या खालच्या अंगाने. दरवेळी तसंच. प्रत्येक टाक्याला किंचित, सारखाच कल येतो आणि डोळ्याला रेघ सरळ दिसते. आणि आधीच्या दोऱ्यातून सुई आरपार जाऊ देऊ नका. एकदा दोरा चिरला की तो टाका उसवता येत नाही.

रिंगमध्ये कापड ताणून, सुई एकदा पूर्ण खाली आणि एकदा पूर्ण वर अशी घाला. एकदम तीन-चार टाके सुईवर घेण्याचा मोह होतो. वेग वाढतो, पण ओढ असमान पडते.

पायरी ३: नागमोडी

आता तिरपे टाके. प्रत्येक टाका एक घर उजवीकडे आणि एक घर वर, म्हणजे घराच्या कर्णावर. असे चार टाके चढा, चार उतरा. आठ घरांत एक शिखर होतं. पट्टीच्या मधोमध ४८ घरं मोजून घ्या, त्यात सहा शिखरं बसतात. १४ काउंटवर ही रुंदी पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येते. जाताना एकआड एक टाके, परतताना राहिलेले.

दर आठव्या घराला खाली येता तेव्हा तुम्ही बरोबर मधल्या आडव्या रेघेवर असायला हवं. कच्च्या टाक्यांशी ताडून पाहा. चूक असेल तर तिथेच उसवा. या टाक्यात चुकलेलं एक घर ‘पुढे कुठेतरी’ जुळवून घेता येत नाही. परतीच्या वेळी किंवा खालची रेषा भेटेल तिथे ते उघडं पडतंच.

पायरी ४: फांद्या

रोस्पिसची खरी गंमत फांदीत आहे. घोड्याचा कान, मोरणीचा तुरा, झाडाची डहाळी, सगळं मुख्य रेषेतून बाहेर निघून पुन्हा रेषेवर येतं. नियम सोपा आहे: जातानाच फांदी पुरी करायची. टोकापर्यंत एकआड एक टाके घालत जायचं, टोकावरून लगेच वळून राहिलेले टाके भरत मुख्य रेषेवर यायचं आणि जणू काही झालंच नाही असं पुढे निघायचं. फांदीत टाके किती आहेत, सम की विषम, याची चिंता करू नका. गेलेली आणि आलेली पावलं मिळून नेहमी समच होतात, त्यामुळे मुख्य रेषेची वर-खाली लय मोडत नाही.

प्रत्येक शिखरावर अशा दोन छोट्या फांद्या घाला. शिखरावरून दोन घरं तिरपं वर-डावीकडे, परत शिखरावर. मग दोन घरं तिरपं वर-उजवीकडे, परत शिखरावर. बघा, चढणारी आणि उतरणारी बाजू शिखरावर एकमेकींना छेदून पुढे वाढल्यासारखी दिसेल. शिंगांची चौकट म्हणतात ती पुढच्या पायरीत यातूनच तयार होते, आणि उत्तरेकडच्या पट्ट्यांत ती हजारो वेळा येते.

सगळ्या फांद्यांसकट ही एक नागमोड साडेअठरा सेंटिमीटर रेषेची भरते. दोन्ही बाजूंना दोरा असल्याने दुप्पट, म्हणजे ३७ सेंटिमीटर, आणि दोन टोकं. ५५–६० सेंटिमीटर दोऱ्यात काम मधे न तोडता पुरं होतं. मोठ्या आकृतीला हात घालण्याआधी असा हिशोब करायची सवय लावा. रोस्पिसमध्ये दोरा कुठे संपतो यावर मागची बाजू किती स्वच्छ राहते ते ठरतं.

पायरी ५: चौकटी जुळवा

आता त्याच मधल्या रेघेवरून दुसरी नागमोड, पण आरशातली: चार टाके खाली, चार वर, आणि फांद्या खालच्या टोकांना, खालच्या दिशेने. दोन्ही नागमोडी दर आठव्या घराला एकाच भोकात भेटतात आणि सहा चौकटींची माळ तयार होते. शिंगं धरून उंची बारा घरं. सुरुवातीचे लोंबते दोरे सुईत ओवून शेवटच्या चार-पाच टाक्यांखालून, एकदा वरून एकदा खालून, त्यांना गुंडाळल्यासारखे न्या आणि कापा. उलट बाजू पाहा. सुलटीवरून ओळखू येत नसेल तर पहिली पट्टी जमली.

पायरी ६: नाबोर

नाबोर ओळींनी चालतो, पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, विणकामासारखा. सुई आडव्या रेषेत काही घरं वरून आणि काही खालून जाते. पुढची ओळ तिच्या लगेच वरची. सहा घरांची ही सोपी नक्षी घ्या:

ओळ १: एक घर वरून, पाच खालून.
ओळ २: तीन वरून, तीन खालून.
ओळ ३: पाच वरून, एक खालून.
ओळ ४: दुसरीसारखी. ओळ ५: पहिलीसारखी.

दुसरी ओळ पहिलीपेक्षा एक घर आधी सुरू होते, तिसरी आणखी एक घर आधी, नंतर तसंच मागे यायचं, म्हणजे सगळ्यांचा मध्य एका उभ्या रेषेत राहतो. यासाठी तीन किंवा चार पदर घ्या, कापड झाकलं गेलं पाहिजे. ओळीच्या शेवटी वळताना दोरा ताणू नका, कापड आवळून कंबर पडते.

पाचव्या ओळीनंतर पुन्हा दुसऱ्या ओळीपासून चालू ठेवलं तर लाल चौकटींच्या मध्ये राहिलेल्या पांढऱ्या जागाही त्याच आकाराच्या चौकटी होतात. आणि मागे? मागे लालच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी लाल. रोस्पिसमध्ये दोन्ही बाजू एकसारख्या, नाबोरमध्ये एकमेकींच्या उलट.

नाबोरची ही पाच ओळींची नक्षी रोस्पिसच्या माळेच्या वर आणि खाली दोन-दोन घरं सोडून घाला. मध्ये मोठी नक्षी, दोन्हीकडे बारीक किनार, अशी मांडणी उत्तरेच्या टॉवेलांत नेहमीची आहे.

चिन्हांच्या अर्थाविषयी

थोडं शिकलं की माणूस अर्थ शोधायला लागतो, आणि इंटरनेटवर ‘प्राचीन स्लाव्ह चिन्हांचे’ तक्ते तयारच असतात. हे चिन्ह विवाहासाठी, हे अपत्यासाठी, हे शत्रूपासून रक्षणासाठी. त्या तक्त्यांतली बरीचशी नावं अलीकडची, ख्रिस्ती होण्याआधीचा जुना स्लाव्ह धर्म पुन्हा उभा करू पाहणाऱ्यांच्या विसाव्या शतकाच्या अखेरीच्या हौसेतून आलेली आहेत. जुन्या भरतकाम करणाऱ्या बायकांनी ती ऐकलीही नसतील.

अभ्यासकांनी अर्थ लावलेच नाहीत असं नाही. मध्ये हात उंचावलेली स्त्री किंवा झाड आणि दोन्हीकडे घोडेस्वार किंवा पक्षी, ही उत्तरेकडची सर्वांत गाजलेली रचना. पुरातत्त्वज्ञ वसिली गोरोदत्सोव यांनी १९२६ मध्ये तिच्यात प्राचीन महादेवी पाहिली. इतिहासकार बोरिस रिबाकोव यांनी तिला मोकोश या स्लाव्ह देवतेशी जोडलं आणि आत ठिपके असलेल्या चौकटीला पेरलेलं शेत म्हटलं. कल्पना सुंदर आहेत, पण त्या कल्पना आहेत हे विसरू नये. भरणाऱ्या बाईने हे मनात धरलं होतं याचा तो पुरावा होत नाही. त्याच पट्ट्यांवर दोन डोक्यांचा गरुड येतो, तो सरळ राजचिन्हावरून आलेला. सिंह तर त्या जंगलांत कधी नव्हताच. जे डोळ्यांना दिसलं आणि आवडलं ते बायकांनी घागऱ्याच्या घेरापासून जहाजाच्या शिडापर्यंत मोजून आपल्या चौकटीत बसवलं, आणि मला त्यांची ही भूक देवीच्या सिद्धांतापेक्षा जास्त मोलाची वाटते.

एक सावधगिरी. आकड्या असलेल्या चौकटी आणि स्वस्तिकासारखे आकार वोलोग्दा-अर्खांगेल्स्कच्या कामात भरपूर आहेत, नाझींच्या कितीतरी आधीपासून. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण युरोपात किंवा रशियात कुणाला भेट द्यायची वस्तू असेल तर ती नक्षी टाळा. तिकडे तो आकार वेगळ्या नजरेने पाहिला जातो, आणि दरवेळी इतिहास समजावत बसणं शक्य नसतं.

धुणं आणि शेवट

कच्चे टाके काढा. थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता धुवा. पाणी लाल झालंच तर घाबरून सुकवायला टाकू नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा. डाग बसतो तो लाल पाणी कापडातच वाळल्यावर. जाड टॉवेलवर पट्टी पालथी ठेवून ओलसर असतानाच इस्त्री करा, म्हणजे टाके चेपत नाहीत. कडा दुमडून हातशिलाई.

पुढचे नमुने कुठून घ्यायचे

कला-अभ्यासक व्लादिमीर स्तासोव यांनी १८७२ मध्ये रशियन लोकनक्षीचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या चित्रपानांवरून कागदावर नमुना उतरवता येतो. सेंट पीटर्सबर्गचं रशियन संग्रहालय आणि तिथलंच मानववंश संग्रहालय, मॉस्कोचं ऐतिहासिक संग्रहालय, यांच्याकडे मोठे संग्रह आहेत. मराठीत किंवा इंग्रजीत शोधून त्यातलं थोडंच सापडतं. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीत ‘ओलोनेत्स टॉवेल भरतकाम’ असं लिहा, रशियन शब्द उचला आणि त्यांनी शोधा. निकालांचं रूपच बदलतं.

फोटोवरून नमुना उतरवताना आधी सर्वांत लहान सरळ टाका शोधा. तो एक घर धरा. मग आकृतीचा मधला अक्ष पकडा, कारण घोडेस्वारांच्या बहुतेक पट्ट्या दोन्हीकडे सारख्या असतात आणि अर्धीच मोजावी लागते. मधल्या बाईचा घागरा किती टाके रुंद, हात कितव्या टाक्यावर सुटतात, हाताचा कोन एकास एक की दोनास एक, एवढं चौकटीच्या कागदावर आधी मांडा. बोटं, पक्ष्यांचे तुरे, घोड्याच्या आयाळीतल्या शिंगांसारख्या फांद्या नंतर. फोटो अंधुक असेल तर दोन ठिकाणी मोजणी जुळणार नाही. तिथे तिसऱ्या ठिकाणची आकृती पाहून ठरवा. पट्टीवर तीच आकृती चार-पाच वेळा आलेली असते, आणि त्यातली एखादी तरी स्वच्छ दिसते.